दोन अंश डावीकडे

सून : पुन्हा लावून बघितला. तेवढंच येतंय, बाबा. दोन अंश डावीकडे.

मिस्त्री : मशीन चुकत असेल.

सून : तसं वाटलं म्हणून आधी तुमचा स्वतःचा पटर लावला. तो बरोबर शून्यावर आला. मग परत हेडबाईंचा लावला. दोन अंश. दांडा मानेपाशी वाकलाय किंचित, त्यामुळे चेंडूला लागणारी फळी डावीकडे बघतेय.

मिस्त्री : तुला त्याला मशीनवर चढवायला सांगितलं कोणी? बाईंनी गोल्फच्या काठ्यांची बॅग पुसायला पाठवली होती. पुसायचं, टोपी घालायची, ठेवून द्यायचं.

सून : तुम्हीच सांगितलंत. हात बसेपर्यंत रोज पाच काठ्या मोजायच्या. आजच्या पाचांतली ही तिसरी.

मिस्त्री : मग चौथी घे.

सून : बाबा.

मिस्त्री : काय बाबा बाबा? एकोणीस वर्षं त्यानं होलमध्ये चेंडू ढकललेत बाईंनी. जुना झाला की दांडा थकतो. लोक रेलतात त्याच्यावर, आपटतात...

सून : ते कापडवाले शेठ रेलतात. होलमधून चेंडू उचलताना पटरची कुबडी करतात. दाताचे डॉक्टर चेंडू चुकला की तो बुटावर आपटतात. हेडबाई? ज्यांनी त्याला स्वतःच्या हातानं लोकरीची टोपी विणलीय, त्या? प्रत्येक होलनंतर ओलं फडकं, मग कोरडं फडकं, घरी गेल्यावर तेलाचं एक बोट. उन्हात गोंद सुटतो म्हणून डिकीत ठेवत नाहीत, पुढच्या सीटवर ठेवून वर पट्टा लावतात. अख्खा क्लब हसतो त्यांना. तळहातावरच्या फोडासारखा जपलेला पटर आपोआप वाकला?

मिस्त्री : आपोआप नाही.

सून : मग?

मिस्त्री : ते दार लोटून घे आधी.

सून : लोटलंय.

मिस्त्री : सहा आठवड्यांपूर्वी मुठीवरची रबरी ग्रिप बदलायला आला होता. क्लबच्या फायनलच्या आदल्या दिवशी. तू माहेरी गेली होतीस.

सून : दुसऱ्या दिवशी दुपारी आले. फायनल मी बघितली.

मिस्त्री : व्हाइसच्या जबड्यात धरला. दांडा वर धरायचा असतो, हातभर वर. मी मानेपाशी धरला. वाटलं वरच धरलाय. जुनी ग्रिप चिकटून बसलेली, तिला हिसका दिला आणि... गेला.

सून : आणि मग?

मिस्त्री : मग काय? काढला सरळ. गुडघ्यावर घेऊन, नजरेनं.

सून : मशीन तुमच्यापासून दोन हातांवर होतं.

मिस्त्री : हे मशीन आलं यंदा. मी चाळीस वर्षं नजरेनं काढतोय.

सून : मशीनचा काटा तुम्हाला दिसत नाही, बाबा.

मिस्त्री : कोण म्हणतं?

सून : चहाची साखर बशीत पडते तुमची. पेपर उघडून बसता आणि बातमी विचारली की म्हणता, आज काही विशेष नाही. सहा महिने चाललंय. घरात कुणी बोलत नाही, एवढंच.

मिस्त्री : बोललीस ना आता.

सून : बोलले. रागवा.

मिस्त्री : किती वाजता येणार त्या?

सून : साडेचारला.

मिस्त्री : पाऊण तास आहे. चढव परत मशीनवर. मी वाकवतो, तू काटा वाच. पाच मिनिटांचं काम. पुसून, तेल लावून, टोपी घालून हातात देऊ.

सून : आणि सांगायचं काय?

मिस्त्री : सांगायचंय कशाला? पटर सरळ झाला की झालं.

सून : बॅग का पाठवलीय त्यांनी, ठाऊक आहे? वाटून टाकायची आहे. खेळणं सोडलंय. तुम्ही पटर सरळ करणार, त्या तो दुसऱ्या कुणाला देणार, आणि आयुष्यभर म्हणणार की माझे हात गेले.

मिस्त्री : वय तर झालंच आहे गं त्यांचं...

सून : ते म्हणू नका. निदान तुम्ही तरी म्हणू नका. शेवटच्या तीन होलना मी तिथे उभी होते. तीन पावलांवरून पहिला, कडेला लागून डावीकडे. दोन पावलांवरून दुसरा, डावीकडे. शेवटचा तर सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात वर केले होते, तोही डावीकडे. हात थरथरत असते तर एक इकडे, एक तिकडे गेला असता ना? तेव्हा मला कळलं नाही. आज काट्यानं सांगितलं.

मिस्त्री : तू वाचणार का काटा?

सून : वाचीन. बाई आल्यावर.

मिस्त्री : सूनबाई, चाळीस वर्षं या तळघरात काढली मी. वरचे बंगलेवाले, गाडीवाले खाली उतरून येतात आणि म्हणतात, मिस्त्री, तुम्हीच बघा. एवढीच कमाई आहे माझी.

सून : मी एक अक्षर बोलणार नाही त्यांच्यापुढे. पण चोरून काटा वाचायला माझे डोळे मागू नका.

बाई : येऊ का? बूट पुसलेत, पायपुसण्यावर चांगले दोनदा.

सून : या ना, बाई. लवकर आलात.

बाई : वर बसवेना. चहाच्या काउंटरवर मी गेले की सगळ्यांना एकदम हवामानाबद्दल बोलायचं असतं. मिस्त्री, उठू नका. बसा. तुमचा चेहरा असा का उतरलाय?

मिस्त्री : नाही, काही नाही. उकडतंय.

बाई : तळघरात? बरं. मी फार वेळ घेणार नाही. मोठ्या फटक्याच्या काठ्या शाळेला देतेय, मुलींचा नवीन संघ होतोय तिथे. लोखंडी काठ्या माझा भाचा नेईल. सांभाळणार नाही, पण नेईल. पटर मात्र मला कुणालाही द्यायचा नाही.

सून : मग?

बाई : तुमच्या भिंतीवर ती खिळ्यांची रांग आहे ना, त्यातला एक खिळा मला हवाय. तिथे टांगा. मिस्त्री, एकोणीस वर्षांत या पटरला माझ्याखेरीज एकाच माणसाचा हात लागला. मी घरी त्याला फडक्यानं पुसायचे आणि वर्षातून एकदा इथे आणायचे, तपासायला. मुलाला डॉक्टरकडे नेतात तसं. त्याला ठेवायचं तर इथेच.

मिस्त्री : बाई, नको.

बाई : नको काय? जागा नाही?

मिस्त्री : जागा आहे.

बाई : मग लाजू नका. मी शाळेत चौतीस वर्षं मार्क दिलेत, मला उगाच द्यायची सवय नाही.

सून : बाई, तुम्ही खेळणं का सोडताय?

बाई : तुला ठाऊक नाही? सगळ्या क्लबला ठाऊक आहे. माझे हात गेले.

सून : डॉक्टरांना दाखवलंत?

बाई : दाखवलं की. नाकाला बोट लावून झालं, कागदावर गोल काढून झाले, डोळे मिटून उभं राहून झालं. डॉक्टर म्हणतात, काहीही नाही. मी म्हटलं, तुम्हाला कागदावर दिसत नाही, मला होलपाशी, ग्रीनवर दिसतं. ते म्हणाले, पटर खराब असेल. मला हसूच आलं. म्हटलं, तो पटर मी सांभाळलाय आणि आमच्या मिस्त्रींनी आदल्याच दिवशी बघून दिलाय. पटर चुकत नाही, मैदान तेच, चेंडू तोच. मग उरलं काय? बाकी सरळ आहे. उरले माझे हात.

मिस्त्री : पाणी दे गं मला.

सून : घ्या.

बाई : माझ्या ताईला कंपवात आहे. अकरा वर्षं झाली. तिचंही असंच सुरू झालं होतं, सुईत दोरा जाईना. डॉक्टर म्हणाले, काही नाही. दोन वर्षांनी म्हणाले, आहे. दर रविवारी मी गाडी काढून तिच्याकडे जायचे, दुपारचं जेवण भरवायला. एरवी कामाची बाई असते तिच्याकडे, पण रविवारी माझ्या हातचं. आता चार रविवार गेले नाही.

सून : का?

बाई : गाडी चालवायची भीती वाटते. आणि खरं सांगू? फायनलनंतर दोनदा गेले होते. चमचा धरला की तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून मी माझ्याच हाताकडे बघत बसले. सूप सांडलं तिच्या अंगावर. ती काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं, मला काय वाटतंय ते. आता फोनवर सांगते, खोकला झालाय. चार आठवडे खोकला! तिला काय कळत नसेल?

मिस्त्री : बाई.

बाई : काय हो?

मिस्त्री : तुमचे हात चांगले आहेत.

बाई : तुम्ही मनानं चांगले आहात.

मिस्त्री : नाही. मी चांगला नाही, तेच सांगतोय. पटर वाकलाय. दोन अंश, डावीकडे. मी वाकवला. ग्रिप बदलताना चुकीच्या जागी धरला, कारण मला नीट दिसत नाही. सहा महिने दिसत नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही, कारण मग वरून खाली कोण उतरलं असतं?

बाई : थांबा. पुन्हा सांगा.

मिस्त्री : फायनलच्या आदल्या दिवशी मी तुमचा पटर वाकवला.

बाई : आणि तुम्हाला कळलं नाही.

मिस्त्री : कळलं.

सून : बाबा?

मिस्त्री : तुलाही हे सांगितलं नाही. मी सरळ केला आणि टेबलावर उभा केला. डोळ्यांना ठीक वाटला. पण सवयीनं खालून एक कार्ड सरकवून बघितलं, तर पुढच्या टोकाखालून गेलं. जायला नको होतं. बोटांना कळलं, बाई. म्हणजे अजून सरळ नव्हता. तेवढ्यात तुम्ही दारात आलात आणि म्हणालात, झाला का माझा राजा तयार? मी कार्ड खिशात घातलं आणि म्हटलं, झाला.

बाई : असं म्हणाले होते मी?

मिस्त्री : असंच म्हणाला होतात. वाटलं, एवढ्यानं काय होतंय. रात्रभर तेच म्हणत पडलो. सकाळी यावं तुमच्याकडे, मागून घ्यावा, असं दहादा मनात आलं. पण मागायचं म्हणजे सांगावं लागलं असतं. मूग गिळून बसलो.

बाई : सहा आठवडे.

मिस्त्री : हो.

बाई : सहा आठवडे तुम्ही मला रोज नमस्कार केलात. मी त्या डॉक्टरांपुढे डोळे मिटून, हात पुढे करून उभी होते, सत्तरीची बाई, बोटांवर कागद ठेवून. तो कागद हलतो का ते बघत. तेव्हा तुमच्या खिशात ते कार्ड होतं.

मिस्त्री : हो.

बाई : कप गेला त्याचं मला काही नाही. तो कप पितळेचा आहे, मी घासूनच दमले असते. पण मी ताईला खोटं सांगितलं, मिस्त्री. माझ्या ताईला. ती रविवारी दाराकडे बघत बसते.

मिस्त्री : मेल्याहून मेल्यासारखं झालंय, बाई.

बाई : ते तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मला त्याचा काय उपयोग?

सून : बाई, बसा ना. पाणी देऊ?

बाई : तुला ठाऊक होतं?

सून : आज साडेतीनला कळलं. काट्यावर.

बाई : आणि तू गप्प बसलीस, त्यांनीच सांगावं म्हणून.

सून : तुम्ही सूप सांडल्याचं सांगितलंत, तेव्हा जीभ चावून बसले होते. आणखी एक मिनिट गेलं असतं तर मीच बोलले असते.

बाई : हं. वरची मंडळी म्हणतात, बाईंचे हात थरथरतात. मी त्या भिकार काउंटरवर ते कानांनी ऐकलंय. फायनल संपून अर्धा तास झाला नव्हता. कुणी जाणकार म्हणाला म्हणे. मला वाटलं, कुणी डॉक्टर असेल मेंबरांत, त्याला लांबून ओळखता आलं असेल. त्या एका शब्दावर मी तपासणीला गेले. तो जाणकार कोण, ते तेवढं मला शोधायचं आहे.

(वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो.)

मिस्त्री : मी.

बाई : तुम्ही काय?

मिस्त्री : तो जाणकार. शेठ म्हणाले, मिस्त्री, बाईंचा पटर बिघडला होता का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. दहा-बारा माणसं, हातात कप. मी म्हटलं, पटर नाही हो, काठी कशी बिघडेल? हात थरथरतात आता बाईंचे, मी ग्रिप देताना बघितलं. असं म्हटलं मी. बघितलं म्हटलं. मला तुमचे हात दिसलेसुद्धा नव्हते.

सून : अहो बाबा...

मिस्त्री : पटर वाकवला ती चूक होती. हे म्हणजे शेण खाल्लं मी.

बाई : तुम्हाला हे सांगायची गरज नव्हती. मला कधी कळलं नसतं.

मिस्त्री : नसतं कळलं.

बाई : मग का सांगितलंत?

मिस्त्री : तुम्ही शोधणार म्हणालात. मग तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे संशयानं बघत बसला असतात. मी आणि तसं बघायला लावू तुम्हाला?

बाई : सूनबाई, ते मशीन कसं चालतं?

सून : इथे फळी टेकवायची, इथे दांडा आवळायचा, मग हा काटा दाखवतो.

बाई : चढव. मिस्त्री, तुम्ही वाकवा. ती वाचेल. मी बघणार आहे.

मिस्त्री : माझ्या हातून करून घेणार?

बाई : ज्यानं गणित चुकवलं त्यानंच फळ्यावर येऊन सोडवायचं. मी नेहमी हेच करत आले.

सून : लावला. दोन. थोडं पुढे, बाबा. दीड. अजून. एक. हळू, हळू... अर्धा. बस. बस! शून्य.

मिस्त्री : कार्ड घाल खालून.

सून : काटा शून्यावर आहे की.

मिस्त्री : तरी घाल. टेबलावर उभा कर आणि घाल.

सून : नाही जात. कुठूनच जात नाही.

बाई : ती पट्टी कसली? हिरवी?

सून : गालिच्याचा तुकडा आहे. ग्रिप दिली की लोक इथेच दोन चेंडू मारून बघतात. तो कप आडवा ठेवलाय ना, तेच होल.

बाई : चेंडू दे. एकच.

सून : घ्या.

बाई : (चेंडू मारतात)

सून : गेला! बाई, मधोमध गेला! अजून एक मारता?

बाई : नको. एवढ्यावर समजतं मला. टोपी कुठे आहे त्याची?

सून : ही. मग भिंतीवर नाही टांगायचा?

बाई : भिंतीवर कशाला? धडधाकट आहे तो. बाकीच्या काठ्या राहू दे इथे आज, भाच्याला मी फोन करते. पटर मी नेतेय.

मिस्त्री : बाई, माफी मागायला तोंड नाही मला.

बाई : मागू नका. आज मी देणार नाही. उद्या देईन की नाही, तेही मला ठाऊक नाही. साडेचार झाले का?

सून : पाच व्हायला आले.

बाई : आज रविवार नाही. पण ताईचं संध्याकाळचं खाणं सहाला असतं. निघाले तर पोचेन.

सून : गाडी घेऊन?

बाई : मग काय चालत?

मिस्त्री : मीही येतो वर. आत्ता चहाला सगळे असतील. शेठही असतील. जे तेव्हा म्हटलं ते तिथेच उभं राहून परत घेतो. डोळ्यांचंही सांगतो.

बाई : मी तुम्हाला सांगितलेलं नाही असं करायला.

मिस्त्री : नाही सांगितलंत.

बाई : त्यानंतर खाली कुणी उतरणार नाही कदाचित.

मिस्त्री : ही आहे ना खाली. हिला काटा दिसतो. उतरतील हिच्यासाठी.

सून : थांबा, मी येते सोबत. जिन्यात अंधार आहे.

बाई : तू दुकान सांभाळ. मी आहे. मिस्त्री, हात द्या इकडे.

मिस्त्री : नको, बाई. तुमचा हात धरायचा म्हणजे...

बाई : अकरा पायऱ्या आहेत आणि तुम्हाला दिसत नाहीत. उगाच माझ्या डोक्याला ताप नको. द्या.

मिस्त्री : ...बाई, तुमचा हात अगदी स्थिर आहे.

बाई : हो. थरथरतोय तो तुमचा.